एक फेरी बाकी

किलगरवच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, खंदकाजवळच्या चिखलात माझ्या बुटाची टाच रुतली. एका पायावर उभी राहून मी तिला शिव्या घालत होते... तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "जमीन तपासताय की बूट पेरताय?"

"जमीन," मी वळून न बघताच म्हटलं. "दुपारी घोड्यांना सोसेल का, ते बघतेय."

"मग काय म्हणते?"

"सोडत नाही म्हणते."

तो हसला, वाकला, बूट उपसून त्यानं स्वतःच्या बाहीला पुसला. मान वर केली तेव्हा ओळखलं — फिन्टन. अख्ख्या मेयो परगण्यात ज्याचं हसं झालं होतं, तो जॉकी. गेल्या वर्षी इथंच, शेवटची फेरी बाकी असताना, शर्यत जिंकली असं समजून त्यानं चाबूक उंचावला होता, घोड्याची मान थोपटली होती... आणि बाकीचे घोडे शेजारून निघून गेले होते. तेव्हापासून पबमध्ये कुणी अर्धा ग्लास टाकून उठलं, की लोक विचारायचे, "फिन्टन झालास का रे?"

वर्षभर त्याला कुणी घोडा दिला नव्हता. आज म्हाताऱ्या मिसेस कॅसिडींनी त्यांची करडी घोडी दिली होती, 'धुक्याची लेक'. पहिल्या तिघांत आणलीस तर पुढंही तूच, नाहीतर राम राम, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. मग रविवारची बोट, इंग्लंड आणि कुणाच्या तरी तबेल्यातली लीद.

"तुम्ही डर्व्ला ना? माइकवरून सगळ्यांचं भाकीत सांगणाऱ्या," बूट पुढं करत तो म्हणाला. "आज माझंही सांगा की."

मी पाय बुटात सरकवला आणि निघाले. बूट मात्र दिवसभर ऊबदार लागत राहिला.

दुपारी बारीक पाऊस, ओल्या लोकरीचा वास, आणि माझ्या हातात माइक. हँडिकॅप शर्यत म्हणजे अजब न्याय. जो घोडा चांगला, त्याच्या खोगिराखाली जास्त शिसं. 'बिशपची घंटा' या घोड्यावर सगळ्यांत जास्त होतं, तरी मी पैज त्याच्यावरच लावा म्हटलं. दम आहे, उडीत चूक नाही... मग करडीकडे वळले. "वजन पिसासारखं. चिखल तिच्या आवडीचा. आणि स्वार —"

इथं माझा आवाज अडला. एवढंसंच. पण गर्दी खदखदून हसली. रिंगणात घोडीवर बसलेल्या फिन्टननं वर पाहिलं... ती नजर मला कुंपणाच्या काट्यासारखी लागली.

शर्यत सुटली. कुंपणामागून कुंपण ओलांडत घोडे आमच्यासमोर आले, तेव्हा करडी सगळ्यांच्या पुढं होती, फेरी अजून एक बाकी. लोक चिडवत ओरडायला लागले — शाबास फिन्टन, जिंकलास, थांब आता. मी माइक ठेवला आणि कठड्याशी धावले. नुसतं एक बोट वर केलं.

त्यानं पाहिलं. मान घोडीच्या मानेवर टेकवली आणि तो पावसात शिरला.

शेवटचं कुंपण करडीनं आणि 'घंटा'नं बरोबर ओलांडलं. शेवटच्या रेषेवर 'घंटा' मानभर पुढं. माझं भाकीत खरं ठरलं होतं, लोक माझी पाठ थोपटत होते... आणि मी हरल्यासारखी रडत होते.

तो खोगीर कवटाळून चालत आला. तोंडभर चिखल, त्यात दोन डोळे. मी रुमाल पुढं केला. तो मागं सरकला.

"आत्ता नको. अजून काट्यावर वजन व्हायचंय. त्याआधी तुझ्याकडून काही घेतलं तर बाद होईन." मी 'तुम्ही'ची 'तू' कधी झाले होते, कुणास ठाऊक.

"मग ऐक तरी. ऐकण्याला वजन नसतं."

"बोल."

"मी अडखळले ते तुझ्यावर भरवसा नव्हता म्हणून नाही... तुझं नाव घेतलं असतं, तर आवाजावरूनच सगळ्यांना कळलं असतं."

त्यानं खोगीर छातीशी आणखी घट्ट धरलं. आतून काटेवाला हाका मारत होता.

"कुणी सांगितलं ऐकण्याला वजन नसतं," तो पुटपुटला. "आता काटा जास्तच दाखवणार."

थोड्या वेळानं तो रिकाम्या हातांनी बाहेर आला. मिसेस कॅसिडींनी पुढची शर्यतही त्यालाच दिली होती. त्यानं रुमाल मागितला, आणि घेतला हात.

गर्दी पांगल्यावर आम्ही मैदानाला चक्कर मारली. सकाळच्या खंदकाशी परत पोचलो, तेव्हा आभाळ उघडलं होतं.

"संपलं?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहत एक बोट वर केलं.