पारा न धरलेला पंजा

आरसेवाल्याची बायको तीन दिवस आरशासमोर बसून होती. पोटात अन्न नाही, डोळ्याला डोळा लागलेला नाही. आज संध्याकाळी ती आत जाणार होती. आत म्हणजे आरशात.

"ते बोलावतायत," ती म्हणाली. जणू नवरा कोपऱ्यावरच्या दुकानात थांबलाय.

तिच्या धाकट्या दिराने मावशीला आणलं होतं. चोरापासून सावापर्यंत सगळं शहर या खासगी गुप्तहेर बाईंना मावशीच म्हणे. सोबत त्यांचा चाळिशीतला भाचा; अंगाने आडदांड, डोक्याने सावकाश.

आरसा माणूसभर उंच. मधोमध पंजा उमटलेला, तेवढ्याच जागी पारा नव्हता. त्यातून मागची विटांची भिंत दिसायला हवी होती. भाच्याला दिसले तारे. पाण्यात साखर विरघळावी तसे संथ फिरणारे. त्याला गोड गुंगी आली. मावशींनी कोपराने ढोसलं.

"मी डोळ्यांनी पाहिलं," चौकटवाला म्हणाला. आरशांना लाकडी चौकटी बसवणारा तो. "तीन दिवसांपूर्वी दुपारी आम्ही दोघंच होतो. दादांनी पारा ओतला, सुकवला, आरसा उभा केला. तोच आतून हा पंजा आला आणि त्यांना ओढून घेतलं."

"आणि तू रे?" मावशींनी दिराला विचारलं.

"मी दिवसभर गिऱ्हाइकाकडे काचा बसवत होतो. वहिनी माहेरी. पहाटे निघालो तेव्हा दादा ही काच धूत होता. पाच पाण्यांनी धुवायचा. नंतर कुणी फुंकर मारली तरी खेकसायचा."

"का?"

"बोट लागलं की तेलकट डाग राहतो, मावशी. तिथे पारा धरत नाही." त्याने चौकटवाल्याकडे पाहिलं. "यांना काय त्याचं! हे उगवणार दहाला."

भाचा मागे हात धुवायला गेला आणि कुरकुरत परतला. "हौदावर कोऱ्या फळ्या रचल्यात. ओलीने फुगल्यासुद्धा." येताना एका चौकटीला ठेचकाळला. "आई गं! दिसते पोकळ, आणि वजन शिशाचं!"

मावशी हसल्या. "भाच्या, जरा दार अडवून उभा राहा."

मग त्या चौकटवाल्याकडे वळल्या.

"पंजा पाऱ्याच्या आधीचा आहे. धुतलेल्या काचेवर पडला, म्हणून तिथे पारा धरला नाही. तेव्हा दुपारी आतून आलेला हात ही तुझी लोणकढी थाप. फुंकर न सोसणारा माणूस डागाळलेल्या काचेवर पारा ओतेल? ओतणारा दुसराच. ओतणं रोज पाहिलेला, धुणं कधीच न पाहिलेला. भाचा ठेचकाळला त्या चौकटीच्या फटीतून नळी डोकावतेय बघ; या पोकळ चौकटींतून तू पिस्तुलं पोचवतोस, हे दादाला कळलं. झटापटीत त्याचा हात काचेवर टेकला. तो नेहमीसारखा काम करत होता असं भासवायला तू पारा ओतलास, आणि पंजा उघडा पडला. मग त्या पंज्यावरच गोष्ट बेतलीस. आणि कुठला सुतार कोरं लाकूड हौदावर रचतो रे? खाली काही झाकायचं असल्याशिवाय?"

चौकटवाला दाराकडे धावला आणि भाच्यावर आपटला. भाचा हलला नाही. ते त्याला उत्तम जमे.

दिराने फळ्या उचलल्या. त्याचा हंबरडा आत ऐकू आला.

बायको जागची उठली नाही. "ते हौदात आहेत," ती हळूच म्हणाली, "मग तीन दिवस मला हाक कोण मारतंय?"

मावशी आरशाकडे वळल्या.

ताऱ्यांमधून आवाज आला. मधासारखा, नवऱ्याचाच. तिचं नाव घेत होता. भाच्याचेही पाय आपोआप पुढे सरकले.

तिने हात लांब केला. बोटं काचेपासून तसूभर अंतरावर थांबली.

"बारा वर्षांच्या संसारात त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही," ती म्हणाली. "'अगं ए' म्हणायचे. तीन दिवस लक्षातच आलं नाही माझ्या."

तिने डोळे पुसले आणि आरशाकडे पाठ करून हौदाकडे निघाली.

मागे आवाज क्षणभर थबकला. मग, नुकताच धडा शिकल्यासारखा, म्हणाला, "अगं ए..."

ती वळली नाही.