डावीकडे बसलेली गाडी

धुकं इतकं होतं, की सिग्नलचा लाल दिवासुद्धा ओला वाटत होता. माझ्या स्कूटरच्या पुढे एक बुटकी लाल स्पोर्ट्स कार उभी होती, आणि तिची डावी बाजू चांगलीच खाली बसली होती. मला राहवेना. आमचं गॅरेज स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं. रस्त्यात वाकडी गाडी दिसली, की माझा जीव वरखाली होतो. मी स्कूटर पुढे घेऊन चालवणाऱ्याच्या काचेवर टकटक केली.

"शेजारी बसलेत त्यांना जरा कमी जेवायला सांगा. स्प्रिंग मोडेल बिचारी!"

काच खाली आली. आत एक चष्मेवाला... बरा होता दिसायला. पण माझं बोलणं ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्हाला... कुणी दिसलं?"

मी वाकले. शेजारची सीट रिकामी होती.

"छे! म्हणूनच म्हणतेय, स्प्रिंग गेलीय. गाडी घेऊन या," मी म्हटलं आणि आमच्या गल्लीचा पत्ता सांगितला. आवाज मात्र माझाच मला वेगळा वाटला.

दुपारी तो आलाच. पलीकडच्या रस्त्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून बाबांनी त्याचं नावच 'चष्मेवाला' पाडलं. मी त्याच्यापुढे नव्या स्प्रिंग मांडल्या.

"गाडी कशी चालवता?"

"हळू."

"स्पोर्ट्स कार?... हळू?"

"सायकलवाले पुढे जातात."

"मग या कडक स्प्रिंग नकोत, दात खिळखिळे होतील. हा सेट घ्या. खालची कडी फिरवली की उंची बदलते. आणि शॉकच्या डोक्यावरचं हे बटण फिरवलं की तो कडक होतो, नाहीतर मऊ."

"माणसांना असं बटण हवं होतं," तो हळूच म्हणाला.

"माझं गंजलंय. बाबांना विचारा."

तो हसला. हसताना चष्मा नाकावर घसरला, आणि तो वर सारायचं त्याला भान नव्हतं, कारण तो माझ्याकडेच पाहत होता. काय सांगू, पाना माझ्या हातातून सुटला!

संध्याकाळपर्यंत सेट बसला. चारही कोपरे हाताने दाबून पाहिले. गाडी एकदाच वर येऊन शांत उभी राहायची, अजिबात नाचायची नाही. अगदी सरळ! सकाळी शटर उघडलं, तर डावी बाजू पुन्हा खाली.

मला वाटलं, स्प्रिंगच सदोष. मी डावी उजवीकडे लावली, उजवी डावीकडे. तरी गाडी डावीकडेच बसली. मग हट्टाला पेटले आणि डाव्या कड्या वर वर चढवत गेले. दर वेळी गाडी आधी सरळ व्हायची, आणि मी हात पुसून वळेपर्यंत कुणीतरी अलगद बसावं तशी खाली जायची. आवाज नाही, काही नाही. एकदा तर डाव्या काचेवर आतून वाफ धरलेली दिसली. एवढीशीच, तोंडाजवळ धरते तेवढी. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"बाबा, हे काय?"

बाबांनी डोक्याचं फडकं काढलं. "किती वेळा सांगितलं तुला! गाडी रिकामी सरळ करायची नसते, बसणाऱ्यांसकट करायची. कोण बसतं ते विचारलंस का त्याला?"

विचारलं नव्हतं. मी चारही चाकांखाली वजनकाटे सरकवले आणि चष्मेवाल्याला बोलावून घेतलं. बाबा जेवायला घरी गेले होते. टळटळीत दुपार, गल्ली सामसूम. तो उजवीकडे बसला. काट्यांवर त्याचं वजन आलं, आणि शिवाय आणखी एका सडपातळ माणसाचं. डावीकडे.

"शेजारी कोण बसतं?" मी विचारलं.

त्याने स्टिअरिंगवरून हात फिरवला.

"ताई. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. ही गाडी आम्ही भंगारातून आणून उभी केली. ती शेजारी बसायची आणि ओरडायची, हळू... हळू रे! आजारात गेली. तिच्यानंतर तिथे कुणालाच बसवलं नाही मी."

"आणि ती अजून बसते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो. आधीच्या गॅरेजवाल्यांनी स्प्रिंग कडक करून दिल्या. गाडी सरळ दिसायची चार दिवस. मला तेवढंच पुरायचं." त्याने चष्मा काढला. "पण त्या सिग्नलपासून पुरत नाही. मला तुम्हाला इथे बसवायचंय. रोज. पण जिने मला हाताला धरून वाढवलं, तिला ऊठ कसं म्हणू?"

माझ्या छातीत धडधडत होतं. भीतीनं की कशानं, देव जाणे. एवढं मात्र कळलं, की आत्ता मागे फिरले तर हा आयुष्यभर रिकामी सीट घेऊन हळूहळू गाडी चालवत राहील. आणि मला तो हवा होता. अगदी मनापासून हवा होता.

"तू नको म्हणूस," मी म्हटलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. "मी विचारते."

मी डावं दार उघडलं. आतून गार हवा अंगावर आली. मी वाकून म्हटलं, "ताई... मला याच्याशेजारी बसायचंय. जरा सरकता का?"

काही हललं नाही. कुठेतरी लोखंड एकदाच करकरलं. मी डोळे मिटले आणि बसले. सीट गार नव्हती. उबदार होती.

"काटे वाच," मी पुटपुटले.

तो उतरला, वाकला, पुन्हा येऊन बसला.

"डावीकडे... फक्त तुझंच वजन आहे."

"आणि ताई?"

त्याने माझा हात धरला. आम्ही दोघांनी एकदमच आरशात पाहिलं. मागे पिशव्या ठेवायची अरुंद जागा होती, आणि मागच्या काचेवर एवढीशी वाफ धरत होती.

"मागचे दोन्ही काटे वर गेलेत," तो म्हणाला, आणि रडता रडता हसायला लागला.

मी त्याचा हात सोडला नाही. "मग मागच्या स्प्रिंग बदलूया," मी म्हटलं. "तिघांच्या वजनाच्या."