दोन वाजता गायब होणारा रीडर

"परत गेला," फोनवर स्टुडिओचा मालक म्हणाला.

कोण गेला हे चिमटाताईने विचारलं नाही. दीड महिन्यातला हा तिसरा फोन होता.

"कधी?"

"मला अडीचला कळलं. आता तुम्ही फक्त एक काम करा. मागे लिहून दिलं होतंत ना, मशीनमध्ये दोष नाही म्हणून? तेच पुन्हा लिहून द्या. सही-शिक्क्यासकट. सहा वाजता मी तिला घरी पाठवतोय. कायमची."

"कोणाला?"

"मशीनवर बसते तिला. दुसऱ्या कोणाला पाठवणार?"

फोन बंद झाला. चिमटाताई दुकानात तशीच उभी राहिली. ती गावभरचे कॉम्प्युटर दुरुस्त करायची. तिच्या खिशात कायम एक बारीक चिमटा असायचा आणि डोकं अडलं की ती तो उघडझाप करत बसायची. नाव त्यावरूनच पडलं होतं. आत्ता तो चिमटा थांबत नव्हता.

मशीनमध्ये दोष नाही. हे तिनेच लिहिलं होतं. मशीन निर्दोष, मग दोष माणसाचा, हा हिशेब मालकाने तिच्याच कागदावरून केला होता.

तिने पिशवी उचलली आणि दुकान अर्धं आवरून सोडून निघाली.

*

दुखणं सांगायला सोपं होतं. एडिटिंगच्या मशीनच्या पुढच्या बाजूला मेमरी कार्डाची खाच होती. कॅमेऱ्यातलं कार्ड त्यात घातलं की फोटो मशीनमध्ये उतरायचे. पण मध्येच कधीतरी तो कार्ड रीडर नाहीसा व्हायचा. म्हणजे खाच जागेवरच, पण मशीन तिला ओळखच दाखवायचं नाही.

पहिल्या वेळी चिमटाताईने त्याचा प्रोग्राम नवा टाकला. दुसऱ्या वेळी रीडर आणि आतली वायर दोन्ही बदलली. दोन्ही वेळा तिच्या डोळ्यांदेखत तो सुतासारखा सरळ चालला. आणि आठवड्याभरात पुन्हा गेला.

मालक काउंटरमागे येरझाऱ्या घालत होता. दारातून गार वारा येत होता तरी त्याला घाम फुटला होता.

"गेल्या गुरुवारी फॅक्टरीचे साडेतीनशे फोटो अर्धे उतरले आणि हा गेला. कार्डाची वाट लागली. साडेतीनशे माणसं पुन्हा बोलवायची म्हणजे काय असतं? आज तिथल्या साहेबांनी फोनवर माझी अब्रू काढली. जेवायलाही गेलो नाही मी. इथेच उभं करून हिच्याशी डोकं लावत बसलो."

"आणि ती काय म्हणते?"

"मला माहीत नाही म्हणते. वर्षभर नवीन मशीन मागतेय माझ्याकडे. मिळत नाही म्हटल्यावर आहे ते बिघडवायचं. मी काय दूधखुळा आहे का?"

"मला एकदा बघू दे."

"बघा. पण सहाला कागद हवा."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

*

एडिटिंगची खोली आत होती. रंग नीट दिसावेत म्हणून खिडकीला जाड पडदा आणि दार कायम लोटलेलं. मशीनसमोर ठिपकी उभी होती. वय पस्तिशीचं, दोन मुलांची आई. लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग-पुटकुळ्या काढण्यात तिची आठ वर्षं गेली होती, म्हणून तिला ठिपकी म्हणायचे. तिचे डोळे सुजले होते, पण ती रडत नव्हती.

"बसा ना," चिमटाताई म्हणाली.

ठिपकीने खुर्ची ओढली, खालचा दांडा दाबून ती वीतभर वर घेतली आणि मग बसली.

"रोज जातो?"

"नाही. आठवड्यातून तीन-चारदा. बुधवारी कधीच नाही."

"कधी जातो?"

"मी पावणेदोनला जेवायला उठते. उठायच्या आधी कार्ड लावून जाते, म्हणजे तेवढ्यात फोटो उतरतात. जेवते बाहेर काउंटरवरच, गिऱ्हाईक आलं तर बघायला हवं ना. अडीचला परत आले की हा नसतो."

"मशीन बंद करून चालू केलं तर येतो?"

"नाही येत. तसाच राहतो. रात्री शटर लावताना आम्ही मेन स्विच पाडतो. सकाळी आलं की असतो आपला जागेवर."

चिमटा थांबला. चिमटाताईने खाली वाकून मशीनचं तोंड न्याहाळलं. रीडरच्या खाली यूएसबीची दोन भोकं होती. एकात धूळ दाटून बसली होती. दुसरं लख्ख होतं.

"पुढे काही लावता का तुम्ही इथे?"

"मी? नाही. माझं सगळं मागच्या बाजूला आहे."

"तुमच्या मागे या खुर्चीवर कोण बसतं?"

 ठिपकीने की-बोर्ड उगाच सरळ केला.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"अहो, नोकरीचा प्रश्न आहे तुमचा."

"माहीत आहे मला," ठिपकी म्हणाली. "दोघांच्या फिया यावरच आहेत. पण कोणी नाही बसत."

चिमटाताईला तिचा राग आला आणि कीवही. बाई खोटं बोलत होती आणि त्यात तिचा स्वतःचा फायदा काडीचा नव्हता.

मशीन स्वतःची एक नोंद ठेवतं. आत काय आलं, काय गेलं, मिनिटामिनिटाची. आधीच्या दोन खेपांना चिमटाताईने ती उघडण्याची तसदी घेतली नव्हती. आता ती रीडर गेल्याच्या वेळा शोधत खाली खाली जात राहिली. एक अठ्ठावन्न. दोन एक. एक एकोणसाठ. आणि आजचं, दोन वाजून चार मिनिटं.

तिने दोनदा वाचलं आणि ताडकन उठली.

*

फोटो काढायच्या खोलीत माई होती. मालकाची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा तिने कॅमेरा उचलला, धाकट्याला वाढवलं आणि हा स्टुडिओ उभा केला. कागदावर मालक तो होता, पण गावातला प्रत्येक फोटो अजून माईच काढायची. आठवड्यातून फक्त बुधवारी तिची सुट्टी, त्या दिवशी फोटो बंद.

समोर स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कॅमेरा स्टँडवर होता. माईने डाव्या हातातलं बटण दाबलं, फ्लॅश उडाला, गृहस्थ मोकळे झाले.

चिमटाताईला तिचा स्वतःचा फोटो आठवला. लायसन्ससाठी काढलेला. तेव्हा स्टँड नव्हता. माई कॅमेरा हातात घेऊन खोलीभर फिरली होती आणि तिला हसवून हसवून तिने बेजार केलं होतं.

"स्टँड नवीन घेतलात?"

"झाले दोन महिने. वय झालं, आता कुठे नाचत बसू?" माईने स्वेटरची बाही उजव्या हातावर पार बोटांपर्यंत ओढली. "सापडलं का गं काही? त्या पोरीचा जीव टांगणीला लागलाय."

"तुम्ही बसता का कधी त्या मशीनवर?"

"मला काय कळतंय त्यातलं? मी हातही लावत नाही."

खोली थंडगार होती. चिमटाताईने मोठ्या दिव्यापुढे हात धरले.

"फार गारठा आहे हो इथे. एखादा हीटर का नाही ठेवत?"

"हल्लीच्या ऊब देणाऱ्या वस्तू काही खऱ्या नाहीत," माई म्हणाली. "दहा मिनिटं गरम होतात आणि आपल्या आपण बंद पडतात. शहाण्या झाल्यात मेल्या."

एवढं बोलून ती लेन्स पुसायला लागली. डाव्या हाताने.

चिमटाताई दारातच घुटमळली. तिला सगळं कळलं होतं आणि ते आपल्याला कळायला नको होतं असं तिला वाटत होतं. तिने घड्याळ पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं. एक बाई नोकरीला मुकणार होती आणि दुसरीचं लपवलेलं उघडं पडणार होतं. दोघींना वाचवायचा मार्ग तिला दिसेना.

*

पावणेसहाला तिने तिघांना एडिटिंगच्या खोलीत बोलावलं. मालकाच्या हातात ठिपकीला कामावरून काढल्याच्या पत्राचं पाकीट होतं.

"कागद?" त्याने विचारलं.

"देते. आधी मला एक सांगा. आज दोन वाजून चार मिनिटांनी ही ठिपकी कुठे होती?"

"म्हणजे?"

"रीडर तेव्हा गेला. मशीनमध्येच लिहिलंय, हे बघा. ही कुठे होती?"

मालकाने वाकून स्क्रीनवरची वेळ वाचली.

"माझ्यासमोर," तो म्हणाला. "काउंटरपाशी. पावणेदोनपासून सव्वादोनपर्यंत मी तिला झापत होतो."

"मग तिने नाही केलं."

"मग कोणी केलं? की मशीनच खराब आहे?"

"मशीन खराब नाही, पण माझा कागद चुकीचा होता. तो आधी फाडा." चिमटाताईने चिमट्याने मशीनचं तोंड दाखवलं. "हा रीडर आणि खालचं हे भोक आत एकाच वायरीवर आहेत. वीज दोघांना मिळून बेताची. भोकात एखादी वीजखाऊ वस्तू लावली की मशीन थोडा वेळ सोसतं, मग जळायला नको म्हणून ती वायरच बंद करतं. वस्तू बंद आणि तिच्याबरोबर बिचारा रीडरही. भिंतीतून वीज पूर्ण तोडल्याशिवाय ती वायर पुन्हा जागी होत नाही. मी मशीन उघडताना दर वेळी प्लग काढायचे. म्हणून माझ्यासमोर हा बरा, आणि मला वाटायचं मीच बरा केला. दोन्ही खेपांना मी माझीच पाठ थोपटून घेतली."

"कसली वस्तू?"

 चिमटाताई जमिनीकडे बघत बोलत राहिली.

"कोणीतरी जेवणाच्या सुट्टीत इथे येऊन बसतं. ठेंगणं आहे, खुर्ची वीतभर खाली करतं. बुधवारी येत नाही. थंडी पडल्यापासून यायला लागलं. मशीन बिघडवायला येत नाही. मशीनशी त्याला काही कर्तव्यच नाही. त्याला फक्त दार लोटलेली खोली हवी असते आणि दहा मिनिटं. मग वस्तू बंद पडते, आणि त्याला वाटतं ती आपोआपच बंद होणारी आहे."

 मालकाची नजर खुर्चीवर गेली, मग बहिणीवर. तिची उंची त्याला नव्याने मोजायची गरज नव्हती.

माईने स्वेटरच्या खिशातून एक राखाडी पट्टी काढली. मनगटाला गुंडाळायची, शेकायची, टोकाला वायर. ती तिने टेबलावर ठेवली.

"मला खरंच वाटलं ती तशीच असते," ती म्हणाली. "दहा मिनिटांची."

"माई, हात दुखतो तुझा?"

"दुखतो."

"कधीपासून?"

"बाही वर करू नकोस. सुजलाय, बघवणार नाही तुला."

"मग मला का नाही सांगितलंस? मी म्हटलं होतं ना, थकलीस की सांग, दुसरा फोटोग्राफर ठेवतो."

"म्हणूनच नाही सांगितलं," माई म्हणाली. "तू ठेवला असतास."

मालक खाली बसला. मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो ठिपकीकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"पट्टीचं माहीत होतं. एकदा डबा विसरले म्हणून परत आले तेव्हा बघितलं. त्यांनी शपथ घातली होती. पट्टीमुळे रीडर जातो हे नव्हतं माहीत."

"आणि सहा वाजता तू गप्प निघून गेली असतीस?"

"काय माहीत," ठिपकी म्हणाली. "सहा अजून वाजायचेत."

माई तिच्याकडे बघत राहिली. साडेतीनशे फोटो, सुजलेले डोळे, आठ वर्षांची नोकरी, हे सगळं आपल्या दहा मिनिटांच्या उबेपायी पणाला लागलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटत गेलं. तिने डाव्या हाताने ठिपकीचा हात धरला. 

मालकाने पाकीट फाडलं. "माझं चुकलं," तो ठिपकीला म्हणाला, आणि हे वाक्य त्याने आयुष्यात फारदा वापरलेलं नसावं, कारण ते त्याने भिंतीकडे बघून म्हटलं. "फॅक्टरीचे फोटो मी जाऊन काढतो. माई शेजारी खुर्ची टाकून बसेल आणि मला शिव्या घालेल. दुसरा कोणी येणार नाही, माई. मलाच शिकव. इतकी वर्षं शिकायचं टाळलंय मी."

"तुला यायचं नाही," माई म्हणाली, पण तिचा आवाज सैल झाला होता.

चिमटाताईने पिशवीतून स्वतःच्या मोबाइलचा चार्जर काढला. टेबलावरची पट्टी उचलून ती बाहेर काउंटरपाशी गेली आणि तिथल्या भिंतीतल्या प्लगमध्ये तो खोचला. पट्टीची वायर त्याला जोडली. मग मागोमाग आलेल्या माईला खुर्चीवर बसवून तिने बाही हळूच वर केली आणि सगळ्यांसमोर पट्टी गुंडाळली. मनगट खरंच बघवत नव्हतं. मालकाने बघितलं.

घड्याळात सहा वाजले. दारातून एक बाई फोटो न्यायला आली, ठिपकीने तिचं पाकीट शोधून दिलं आणि आत जाऊन मशीनचा प्लग काढून पुन्हा लावला. रीडर जागेवर आला. सहा वाजून दहा झाले. माई पट्टीवर दुसरा हात ठेवून बसली होती. पट्टी थंड व्हायची वाट बघत होती, रोजच्यासारखी.

सव्वासहा वाजले, पट्टी लावून वीस मिनिटं झाली.

"अजून गरम आहे गं," माई म्हणाली.