सिंहस्थ लागण्याआधी

दवाखान्याच्या बाकावर राजेश्वरी बसली होती ती एकटीच, आणि कुणी काही विचारू नये असा चेहरा करून. वय सदतीस, लग्न झालेलं नाही, आणि आली होती बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे. तळेगावात एवढ्यावर लोकांचा महिनाभराचा गप्पांचा प्रश्न सुटतो. वर मे महिन्याचा उकाडा, आणि पंखा फिरत होता तो केवळ नावाला.

तिच्या शेजारी उन्हानं रापलेला एक उंच माणूस मांडीवर पिशवी घेऊन अवघडून बसला होता. दवाखान्यातल्या जुन्या मावशी, भामाबाई, फाईल घेऊन बाहेर आल्या. त्यांनी आधी फाईलकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे, आणि सरळ त्या माणसावरच घसरल्या.

"बायकूचं वय सदतीस! इतकी वर्सं काय झोपला व्हता? आमी रोज बगतो न्हवं हितं... पस्तिशी सरली का दिवस राह्याला तरास, राह्यलं तर टिकाया तरास. आन् तुमी आपलं निवांत!"

राजेश्वरीनं तोंड उघडलं, पण त्याआधीच तो माणूस मान खाली घालून म्हणाला, "चुकलंच मावशी."

भामाबाई समाधानानं आत गेल्या. राजेश्वरीच्या कानशिलांपर्यंत आग गेली.

"तुम्ही 'चुकलं' कशाला म्हणालात? मी ओळखते तरी का तुम्हाला?"

"त्या कुठं ऐकून घेणार होत्या! आणि तुम्ही आधीच इतक्या वैतागलेल्या दिसत होतात... म्हटलं, थोडी बोलणी आपणही खावीत."

ती रागानं दुसरीकडे बघायला लागली. पण हसू यायला लागलं होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

त्याचं नाव निलेश. पवना धरणाच्या काठी पर्यटकांना तंबू भाड्यानं देणं हा त्याचा धंदा. धाकटी बहीण सविता एकोणचाळिसाव्या वर्षी पहिलटकरीण होती, साखर वाढलेली, रक्तदाबावर लक्ष ठेवायचं. तिचा नवरा ट्रकवर, म्हणून तपासणीला हाच तिला घेऊन येई. राजेश्वरी कामशेतजवळ गुलाबांचं पॉलीहाऊस सांभाळायची. ती आली होती रक्ताची तपासणी करायला. आपल्याला मूल होऊ शकेल का, हे तिला एकदाचं डॉक्टरांच्याच तोंडून ऐकायचं होतं. नातेवाइकांचं ऐकून ऐकून कान किटले होते.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी गोल गोल बोलणं टाळलं. "वयाच्या मानानं स्त्रीबीजं कमी आहेत. पस्तिशीनंतर सगळ्यांचीच झपाट्यानं कमी होतात, तुमची जरा जास्तच. म्हणजे अशक्य काही नाही. नीट काळजी घेतली तर चाळिशीच्या बायकाही सुखरूप बाळंत होतात. फक्त, मूल हवं असेल तर आता वर्ष वर्ष थांबू नका."

बाहेर निलेश उभा होता. "चहा घेणार?" एवढंच म्हणाला.

तो चहा मग दर तपासणीला होऊ लागला. सविता मुद्दाम हळूहळू चालायची आणि दोघांकडे बघून गालात हसायची.

"तुमचं लग्न कसं नाही झालं अजून?" राजेश्वरीनं एकदा विचारलं.

"मुलींना पुण्यात फ्लॅट हवा असतो. माझ्याकडे तंबू आहेत. शनिवारी सगळ्या तंबूंत जोडपी, आणि शेगडीपाशी मी एकटा धुरात."

"बिचारे!"

"मग या ना एकदा... धूर वाटून घेऊ."

ती गेली, आषाढात. पाऊस इतका कोसळत होता की सगळी गिऱ्हाइकं रद्द झालेली. रिकाम्या तंबूत दोघं समोरासमोर, हातात चहाचे पेले, आणि निलेश घसा खाकरतोय... परत खाकरतोय...

"मला तुम्ही आवडता. आणि ते वयाचं, मुलाचं... माझं काही म्हणणं नाही. मूल नाही झालं तरी मला चालेल."

दुसरी कुणी असती तर तिचे डोळे भरून आले असते. राजेश्वरीनं पेला खाली आपटला.

"तुम्हाला चालेल. मला नाही चालणार!"

"अहो, मी फक्त..."

"आत्या, मावश्या, शेजारणी दहा वर्षं माझं वय मोजतायत. आणि आता तुम्ही आलात, मोठ्या मनानं ते माफ करायला! माफी मागितली होती मी? मला मूल हवंय, निलेश. कुणाच्या वंशासाठी नाही. मला हवंय."

पाऊस तंबूवर बडबडत राहिला. निलेशनं कान खाजवला.

"मग... मी काय करू?"

"तुमचं वय किती?"

"एक्केचाळीस."

"पुरुषांचं वय काय गोठून राहतं? आधी स्वतःची तपासणी करून या. मग सांगा काय चालेल ते!"

त्याचा चेहरा तिच्या पॉलीहाऊसमधल्या गुलाबासारखा झाला. पण तो गेला. तळेगावात ओळखी फार, म्हणून लोणावळ्याला गेला, तर तिथल्या लॅबच्या काउंटरवर नेमका शाळेतला मित्र. रस्त्यातूनच त्यानं तिला फोन केला.

"'काय निल्या, साखर तपासायची का?' म्हणून सगळ्यांसमोर ओरडला हो तो! मग चिठ्ठीवरचं 'वीर्यतपासणी' त्याहून मोठ्यानं वाचलं! आता संध्याकाळपर्यंत अख्ख्या लोणावळ्याला कळेल. तुम्ही... तुम्ही हसताय?"

ती हसत होती, गुलाबांच्या दोन ओळींमध्ये मटकन खाली बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हा माणूस आता आपल्याच्यानं सोडवणार नाही, हे तिला तेव्हाच कळलं.

त्याचा रिपोर्ट ठीक आला. सविताचं सिझेरियन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. आणि श्रावणात वराळ्याला राजेश्वरीच्या घरी बैठक बसली. निलेशच्या आईनं, रतनबाईंनी, मुलगी पसंत केली आणि बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली.

"आता चातुर्मास. त्यो सरतोय तवर सिंहस्थ लागतुया. सिंहस्थात आमच्यात लगीन करत न्हाईत. त्याच्या म्होरल्या साली बगू."

राजेश्वरीचे वडील महिपती लगेच मान डोलवायला लागले. "बरोबर आहे. इतकी वर्षं थांबलो, अजून वर्षा-दीड वर्षानं काय होतंय?"

दर दिवाळीला 'वय निघून चाललं' म्हणून घर डोक्यावर घेणारे हेच ते महिपती! राजेश्वरीनं पोह्यांचा ट्रे होता तिथंच ठेवला.

"काय होतंय? सांगते. आबा, माझ्या पोटात बीजं थोडी उरलीत. दर महिन्याला कमी होतायत. त्यांना चातुर्मास कळत नाही आणि सिंहस्थही कळत नाही. मला मूल हवंय. दीड वर्ष थांबले तर कदाचित ते कधीच होणार नाही. दहा वर्षं घाई घाई करून माझा जीव खाल्लात, आणि आता खरी घाई आहे तर तुम्हाला ग्रह आठवतात?"

बैठकीत अशी भाषा कुणी ऐकली नव्हती. महिपती बशीतल्या चहाकडे टक लावून बसले. निलेश उठला, तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "आई, माझंही तेच म्हणणं आहे."

रतनबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. मग त्यांनी पदरानं नाक पुसलं.

"पोरगी लय तोंडाळ हाय," त्या म्हणाल्या. "पर खरं बोलती. सवितापायी मी धा वर्सं नवस करत बसले, दवाखान्यात न्यायचं कुनाला सुचलं न्हाई. पोरगी रातच्याला रडायची, आमी ऐकून गप." त्यांनी निलेशकडे पाहिलं. "नोंदनी करून घ्या आत्ताच. अक्षता सिंहस्थ सरल्यावर टाकू. तवर नातवंड आलं तर त्येबी यील लगनाला."

महिपतींना ठसका लागला. राजेश्वरी अंगणात पळाली. पावसाची बारीक भुरभुर होती. मागोमाग निलेश आला.

"एक विचारू? नाहीच झालं तर?"

"परत 'चालेल' म्हणालात तर आत जाऊन लग्न मोडून येईन."

"नाही चालणार," तो म्हणाला. "फार वाईट वाटेल. तुला, आणि मलाही. तेव्हा आपण दोघं शेजारी बसून रडू... एकटीला नाही रडू देणार तुला."

राजेश्वरीचे डोळे भरून आले. मग तिनं त्याच्या दंडावर एक जोराची चापट मारली.

"हे त्या दिवशी तंबूत का नाही म्हणालास? एक अख्खा महिना वाया घालवलास माझा!"