धर्माधिकारी सरांचा कॉम्प्युटर

थांब, करण! हात काढ त्या माऊसवरनं. काढ म्हन्तो ना!

फॉरमॅट मारतो म्हनं. मावशीच्या मशीनवर अक्षरं वाकडीतिकडी दिसाया लागली की झालं, मार फॉरमॅट. अरं, तिला इचारलंस का आत काय हाय? न्हाई ना? डोकं दुखतंय तर कापा डोकं, असली तुमची डाक्टरी. निकिता, तू हसू नको. पंखा बंद कर, लई खडखड करतोय. बसा दोघंबी हितं. साडेधा वाजल्यात, झोपायला येळ हाय अजून. एक सांगतो. माझ्या दुकानातल्या मानसाबरोबर घडल्याली हाय, कुठली ऐकीव न्हाई.

शेवगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हुतं, तवाची गोष्ट. सुहास माझ्याकडं कामाला हुता. तीस-बत्तीसचा, बायकापोरांचा धनी. हाताला हुशार, जिभंला गोड.

साल दोन हजार एकोनीस. मार्चची वीस तारीख, बुधवार, होळीची रात. अमावास्या न्हवती, टिपूर चांदनं पडलं हुतं. भुतं काय कॅलेंडर बघून येत्यात व्हय? सांजच्याला पावनेआठला दुकानात फोन आला. दमयंतीबाई धर्माधिकारी बोलत हुत्या. म्हनाल्या, "सुहास, पडद्यावर पुन्हा काही दिसत नाही. सवड असेल तर येऊन जा." दुकान बंदच करायचं हुतं. सुहास म्हनाला, वाटंतच हाय, बघून जातो. आमच्या दुकानात तपासायला एक चांगला मॉनिटर ठिवल्याला असायचा. जुना, डब्बा पाठीचा, पंधरा इंची. मी सोता त्याची काच फडक्यानं लख्ख पुसून दिली. गाडीच्या मागं रबरानं बांधला, आनि गेला तो.

आता ह्या बाई कोन, त्ये ऐका. तवाच कळंल.

नृसिंह धर्माधिकारी सरांच्या त्या मालकीन. सर आमाला गनित शिकवायचे. राग म्हंजी असा, की वर्गात मागच्या बाकावर कुजबूज झाली तरी फळ्याजवळनं खडू यायचा, आनि नेम चुकायचा न्हाई. माझ्या कपाळावर बसलाय तो. त्यांना एकच ल्योक, समर्थ. त्यानं दोन हजार सातला मोनिका नावाच्या पोरीशी न सांगता कोर्टात लगीन केलं. सर म्हनाले, ह्या घराचा उंबरा वलांडायचा न्हाई. पोरगाबी त्यांचाच. न्हाई वलांडला. नगरजवळ नागापूरला एमआयडीसीत नोकरी धरली आनि तिकडंच ऱ्हायला.

अकरा वर्सं बापल्योक बोलले न्हाईत. पन सर रोज रातच्याला जेवान झालं की कॉम्प्युटरम्होरं बसायचे. एका बोटानं टाइप करायचे, टेबल हादरंल असं. बाईंनी इचारलं तर म्हनायचे, "समर्थला लिहितोय." पाठवा की मग, असं बाई म्हनाल्या की गप. रोज लिवायचं आनि ठिवून द्यायचं. एक पत्र पाठवलं न्हाई त्या मानसानं. असला कसला ताठा, म्हन्तो मी!

दोन हजार अठराच्या एप्रिलात सर गेले. समर्थ आला, अग्नी दिला, आनि उंबऱ्याभायेरनंच परत गेला. वर्सश्राद्ध जवळ आलं तसं बाईंनी त्याला फोन केला. तो म्हनाला, "आई, अकरा वर्षांत बाबांनी माझं नाव एकदा तरी घेतलं का? मग मी कुणासाठी येऊ?"

म्हनून बाईंना ती पत्रं पायजे हुती. छापून पोराच्या हातात द्यायची, की बघ, रोज तुझ्याशीच बोलत हुते. बाईंनी धा-अकरा म्हैन्यांनी कॉम्प्युटर लावला, तर डिस्प्लेच न्हाई. आमाला बोलावलं. पत्रांचं त्या बोलल्या न्हाईत, आमीबी इचारलं न्हाई. ही गोष्ट होळीच्या आधी तीन आठवड्यांची.

करण, तूच सांग, जुन्या मशीनला डिस्प्ले येत न्हाई, बीप वाजतोय, तर काय करायचं? रॅम काढायची, तिच्या पिवळ्या पट्टीला खोडरबर घासायचं, परत बसवायची. दोन मिन्टांचं काम! पन न्हाई. आमच्या दुकानाची रीत येगळी. सीपीयूचा डबा उचलून आनायचा, हार्ड डिस्क आपल्या मशीनला जोडायची, समदं साफ करून नवं विंडोज टाकून द्यायचं. गिऱ्हाईकालाबी वाटतं, काम झालं.

सुहासनं डिस्क जोडली. सरांचं फोल्डर उघडलं. शेकड्यांनी फाइली. एक उघडली तर नुस्ती इंग्रजी अक्षरं, मदी डॉलरची खून, मदी कंस, कशाचा कशाला मेळ न्हाई. सर जुन्या मराठी फॉन्टात टाइप करायचे. तो फॉन्ट त्यांच्या मशीनमदी हुता, आमच्यात न्हवता. फॉन्ट नसला की मराठी अशीच दिसती. ह्ये मराठी मानसाला, कॉम्प्युटरचं दुकान चालवनाऱ्याला कळाया नको?

सुहासनं मला हाक मारली. "नाना, ह्ये बघा काय." मी फोनवर हुतो. मान वळवून एकदा बघितलं आनि म्हनलं, "व्हायरस हाय. कचरा हाय. उडव."

माझा शबूद हाय तो. माझा! सुहासचा न्हाई. आज सांगतोय तुमाला.

त्यानं उडवलं. रिकव्हरी म्हन्तीस, निकिता? मागनं सगळं केलं. नगरला नेली, पुन्याला नेली डिस्क. वर नवं विंडोज बसल्यालं, काय हाती लागलं न्हाई. आनि बाईंना सुहासनं काय सांगितलं? "डिस्क खराब झालती बाई, आत काय न्हवतंच." आसं खोटं बोलायलाबी मीच शिकवल्यालं. देवावानी इस्वास ठिवला त्यांनी.

आता होळीच्या रातीवर येतो.

सुहास साडेआठला बाईंच्या घरी पोचला. दोन खोल्यांचं घर. गल्ली मोकळी, समदी चौकात होळीम्होरं बोंबा मारत हुती. बाईंनी च्या ठिवला. सुहासनं सरांचा मॉनिटर उतरून खाली भुईवर ठिवला, आमचा टेबलावर चढवला, जोडला. बटन दाबलं. पंखा फिरला. बीप न्हाई. काच काळीच. त्यानं रॅम काढली, खोडरबर मारलं, बसवली. काळीच. केबल बदलली. काळीच. कीबोर्डचीबी वायर काढून कीबोर्ड भितीला टेकवून उभा केला, त्याच्यापायी काय अडत आसंल म्हनून.

नऊ वाजून धा मिन्टं झाली हुती. चौकातली हलगी ऐकू येत हुती. आनि काच उजळली.

विंडोजचं चित्र न्हाई, काय न्हाई. पांढरा कागद नुस्ता. त्याच्यावर अक्षरं यायला लागली. एक. मग एक. तसलीच... डॉलर, कंस, इंग्रजी. कचरा.

सुहास म्हनाला, व्हायरस ऱ्हायला वाटतं अजून. आनि त्याला आवाज आला.

खट.

खट.

मागनं. भितीकडनं. त्यानं वळून बघितलं. कीबोर्ड उभा हुता, वायर भुईवर पडल्याली. बटनं खाली जात हुती. एकेक. जोरात. एका बोटानं दाबावीत तशी...

त्यानं मेन बटन बंद केलं. सीपीयूचा पंखा थांबला.

अक्षरं यायची थांबली न्हाईत.

मॉनिटरची पिन उपटली. हातात पिन. काच उजळच.

खट. खट. खट.

चौकातली हलगी... कवा थांबली, कळलं न्हाई त्याला.

बाई सैपाकघराच्या दारात येऊन उभ्या ऱ्हायल्या. हातात कपबशी. भ्याल्या न्हवत्या. त्या हळूच म्हनाल्या, "हे रोज असंच वाजायचं."

"सुहास, यात काही नव्हतं म्हणालास ना?"

"बाई..."

खट खट खट खट. भितीवरनं कीबोर्ड घसरला. आडवा पडला. बटनं चालूच. टेबलाम्होरची खुर्ची... सरांची... कुनी हात न लावता मागं सरकली. बोटभर.

"नव्हतं ना?"

"...हुतं."

"काय होतं?"

"फाइली. लई फाइली हुत्या."

"मग?"

त्यो रडाय लागला. "मी पुसलं, बाई. कचरा वाटला. मी पुसलं."

आवाज थांबला.

...

मग टेबलावर एकच थाप. भरल्या हाताची. कपबशी बाईंच्या हातातनं पडली. आनि काचंवरची अक्षरं पुसली जाय लागली. खालनं. अक्षरांची एकेक वळ. वर... वर... काच काळी झाली.

मेलेल्याचा राग ह्यो येवढाच. आता जित्या मानसाचा ऐका. बाईंचा आवाज कवा चढल्याला कुनी ऐकला न्हवता त्या गल्लीत. त्या रातीला चढला. "अकरा वर्षं! अकरा वर्षं त्या माणसाने तोंड उघडलं नाही. माझ्याशी नाही, पोराशी नाही. जे बोलायचं ते त्याच्यात ठेवलं होतं. आणि तू पुसलंस? एकदा विचारता आलं नाही तुला, की बाई, यात काय आहे? डबा नेलास तेव्हा मी दारातच उभी होते ना रे तुझ्यासमोर! कचरा म्हणालास? चालता हो! चालता हो माझ्या घरातून!"

सुहास पळाला. गाडी तिथंच, किल्ली तिथंच, मॉनिटर तिथंच. पावनेअकराला चालत माझ्या दारात आला. अंगात ताप. मला समदं सांगितलं. मी इचारलं, माझं नाव घेतलंस का? म्हनाला, "न्हाई, नाना." मला माझी लाज वाटली. झोप कुठली येती?

दुसरा दिस धुळवडीचा. सकाळी आठला मी बाईंच्या घरी गेलो. गाडी आनायचं निमित्त, खरं तर कबूल करायला गेल्तो. दारात मोटारसायकल हुती. समर्थ आल्ता. बाईंनी रातीच त्याला फोन केल्ता आनि काय झालं त्ये सांगितलं हुतं. पोरगं कंपनीच्या कपड्यावरच निघालं. भांडायला आल्तं, आमच्याशी. मला बघताच कॉलर धरली त्यानं. मी म्हनलं, "धर. कचरा म्हननारा मीच हाय. सुहास न्हाई." त्यानं कॉलर सोडली न्हाई. तसंच मला वढत उंबऱ्याच्या आत घेऊन गेला. सोता आत आला त्याचंबी भान त्याला न्हवतं. बारा वर्सांनी!

आनि टेबलाम्होरं त्याचे हात सुटले.

आमचा मॉनिटर बंद. पिन खाली पडल्याली, सुहासनं टाकली तशी. खिडकीतनं ऊन येत हुतं, तिरपं. काळ्या काचंवर तपकिरी अक्षरं हुती, आतनं भाजल्यागत. वरच्या अंगाला एक वळ. शुद्ध मराठीत, सरांनी फळ्यावर लिवावी तशी.

चि. समर्थ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काय म्हनालास, करण? एकाच जागी रोज तीच वळ आली की काच भाजती? भाजती, मलाबी ठाऊक हाय. तीस वर्सं काय चनं इकले न्हाईत मी. पन सरांचा मॉनिटर भुईवर हुता, त्याची काच कोरी. ह्यो आमचा हुता. त्या घरात पैल्यांदाच गेल्ता. मी सोता पुसून दिल्याला, आदल्या सांजच्याला.

बाई खाली बसल्या. पदर तोंडाला लावून. समर्थनं ती खुर्ची वढली आनि बसला. त्या वळीवर बोट ठिवलं. आपल्या नावावरनं फिरवलं, हळूहळू, लहान पोरं वाचत्यात तसं. वळ संपली. बोट खाली आलं, दुसऱ्या वळीच्या जागंवर. थांबलं.

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळं लाल.

"पुढं काय लिहिलं होतं?"

मी काचंकडं बघितलं.

"पुढं काय लिहिलं होतं त्यांनी?"

तिसऱ्यांदा तो वरडला. सरांवानीच. अख्खी गल्ली धुळवड टाकून दारात आली, येवढ्यानं वरडला.

"पुढं काय होतं?"

खाली नुस्ती काळी काच हुती.