नवरीच्या नावाचं फोल्डर

परंड्याहून धाराशिवला जाणाऱ्या एसटीत शिवकन्या चढली ती तणतणतच. शेजारच्या चष्मेवाल्या तरुणानं खिडकीची जागा दिली आणि बिचाऱ्यानं सहज विचारलं, "काय झालं हो?" विचारायचा अवकाश...

"फोटो गायब केले माझे, त्या लॅबवाल्या गाढवानं! महानंदाच्या लग्नाचे सगळे! लॅबच्या सर्व्हरवर माझ्या हातानं चढवले होते. आज बघते तर फोल्डरच न्हाय!"

बाईनं लग्नाचे फोटो काढायचे म्हटल्यावर गावात नाकं मुरडणारे काही कमी नव्हते. त्यात ही तिची पहिलीच मोठी ऑर्डर, आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या लग्नासाठी पुसलेलं. फोटो गेले तर तिचा धंदा बसलाच.

"फोल्डरला... नाव काय दिलं होतं?"

"नवरीचं. महानंदा!"

तो गोरामोरा झाला. त्यानं मांडीवर लॅपटॉप उघडून मोबाइलचं नेट जोडलं. पडद्याचे दोन भाग झाले, डावीकडं त्याचा कॉम्प्युटर, उजवीकडं दूरचा सर्व्हर. उजवीकडचं 'इंद्रजित' नावाचं फोल्डर त्यानं उघडलं. आत महानंदा हसत होती, कपाळावर मुंडावळ्या, गालाला हळद.

शिवकन्याचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच.

"म्हणजे... ते गाढव तुम्ही?"

"व्हय," त्यानं कान धरले. "कैवल्य. आमच्याकडं ऑर्डर नवऱ्याच्या नावानं लागते, म्हणून बदललं."

"डोक्यावरच्या अक्षता निघाल्या न्हाईत, अन् पोरीचं नाव पुसून मोकळे! ताटातल्या तांदळात सासरचं नाव काढतात, तेवढं कमी पडलं व्हय?"

पुढच्या बाकावरचे आजोबा मागं वळून बघायला लागले. कैवल्यनं फोल्डरवर 'महानंदा-इंद्रजित' असं लिहिलं.

"आजपासून सगळ्यांचं असंच. नवरी आधी. मालक ओरडले तर मी बघतो." मग चष्मा पुसत, खाली मान घालून — "तुमचे फोटो मी नाव न बघता ओळखतो... तुमच्या नवऱ्या खरंच हसत असतात."

शिवकन्याला यावर चिडायचं होतं. जमलं नाही, याचाच तिला जास्त राग आला.

मग लग्नसराईभर फोन सुरू झाले. रंग फिके का, अल्बमला उशीर का... भांडण संपलं तरी फोन काही संपत नसे. आणि एका दुपारी सर्व्हरवर तिला नवंच फोल्डर दिसलं, 'शिवकन्या'. आत काहीच नाही. तिनं तडक फोन लावला.

"माझ्या नावानं रिकामं फोल्डर कशाला?"

"लग्नाचे फोटो ठेवायला... तुमच्या."

"अन् नवऱ्याचं नाव कुठंय?"

"ते मी कसं टाकू? तुमच्या मनात कोण, ते तुम्हीच..."

"लई भित्रे हो तुम्ही!" ती कडाडली. फोन कानाला तसाच ठेवून तिनं नावापुढं एक रेघ मारली, आणि तीन अक्षरं नीट लिहिली.

"दिसलं?"

"शिवकन्या-कैवल्य..." पलीकडून त्यानं वाचलं.

"आता ह्या नावाला हात लावून तर बघा!"