चार हात लांबून

लाइट गेली ना? बरं झालं. सकाळपासून घटसर्प, घटसर्प घोकून राह्यले तुमी, माहे कान किटले. मिटा थे पुस्तक, पोट्टेहो. कारणं, लक्षणं, निदान, उपचार... त्यातल्या निदानाची एक गोष्ट सांगतो. ऐकलेली नाई. मी ज्या डॉक्टरापाशी कंपाउंडर होतो, त्याच्यासंगं झालेली.

नाचणगावले वासुदेवराव डॉक्टरचा दवाखाना होता. मानूस वाईट नव्हता, हे पयलेच सांगून ठेवतो. गरिबाले औषध फुकट दे. पण घरात माय कडक सोवळ्याची. गावाबाहेरच्या वस्तीनं मागच्याच साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली होती, शिवाशिव बंदीचा कायदाबी झाला होता. पण म्हातारीले सांगन कोण? वस्तीतल्या मानसाले हात लागला, का डॉक्टरले आंग धुवा लागे. म्हणून आमची रीत ठरली. वस्तीतला पेशंट ओट्याखाली, चार हात लांब. डॉक्टर वरून पाहे, मी त्याच्या बाटलीत वरूनच औषध ओतो.

साल सत्तावन. अकरा डिसेंबर, बुधवारची संध्याकाळ. वस्तीतला कवडू आपल्या पोरीले खांद्यावर घेऊन आला. कोकिळा नाव, सहा वर्षांची. समोरचा एक दात नुकताच पडलेला. ताप फार नाई, पण गिळता येत नव्हतं, आवाज बसला होता, मान सुजली होती.

"आ कर," डॉक्टर म्हणे. ओट्यावरून बॅटरी मारली. "टॉन्सिल हाये. मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर."

कवडू हात जोडून म्हणे, "साहेब, जवळून पाहा न जी. तिच्या तोंडाले वास येऊन राह्यला."

आता तुमीच सांगा, वास म्हटल्यावर काय करा लागते? चमचा घ्या, जीभ दाबा, घशात पाहा. इतकंच! पण डॉक्टरनं दुपारीच एकदा आंग धुतलं होतं, आन थंडी मरणाची. पोरगी आपणहून ओट्याची पायरी चढाले लागली, तं वरून आवाज आला, "तिथूनच आ कर."

पोरगी मांगं सरकली. तिनं तिथूनच आ केला.

शनिवारी, चौदा तारखेले, औषधांचं पार्सल सोडवाले डॉक्टर पुलगाव टेशनावर गेलता. सायकलीनं परत निघाला तवा साडेनऊ झाले होते. अष्टमी, चंद्र उगवाचा होता. बॅग मांगं कॅरियरले बांधलेली. नाल्याच्या पुलापाशी आला आन पाह्यते तं रस्त्याच्या मधात कोकिळा उभी.

"काऊन वं पोरी? एकटीच? बाप कुठी हाये तुहा?"

डॉक्टर सायकल टेकवून पुढं गेला. थे मांगं सरकली. हा दोन पावलं पुढं... थे दोन पावलं मांगं. चार हाताचं अंतर काही तुटे ना.

"थांब न. पाहू दे मले."

"तिथूनच..." पोरगी म्हणे. घोगरा आवाज. "तिथूनच पाहा, साहेब."

आन तिनं आ केला.

डॉक्टरनं बॅटरी मारली. या वेळी सारं दिसलं. घशात करडा पापुद्रा... पार पडजिभेपर्यंत. कडेनं रक्त.

घटसर्प.

डॉक्टर बॅगेकडं वळला. उजेड हालला. पुन्हा मारला...

रस्ता रिकामा.

डॉक्टर सायकल दामटत थेट वस्तीत गेला. घराले नाई, वस्तीत. कवडूच्या दारात उभा राहून वरडला, "कोकिळाले घे! आत्ताच्या आत्ता वर्ध्याले नेऊ. तिथी याच्यावरचं इंजेक्शन, सिरम हाये."

कवडूची बायको जयवंता भिताडाले टेकून बसली होती. तिनं मान वर केली नाई. कवडूच म्हणे, "दुपारीच माती देल्ली, साहेब."

तेवढ्यात खाटेवरून घरघर ऐकू आली. धाकटा पोट्टा, लहानू. तीन वर्षांचा.

"याले कधीपासून?"

"सकाळपासून."

"आन आणलं काऊन नाई?"

"कोण्या भरवशानं आणू, साहेब? तुमी तं तिथूनच पाह्यता."

डॉक्टर उंबरा ओलांडून आत गेला. आयुष्यात पयल्यांदा. पोट्ट्याले मांडीवर घेतलं, बॅग उघडली, जीभ दाबाचा चमचा काढला. तोच पापुद्रा, पण लहान. रातच्या गाडीनं वर्ध्याले नेलं. पोट्टा वाचला. अजूनबी हाये, नातवंडावाला झाला.

त्या दिवसापासून डॉक्टरनं ओटा सोडला. पेशंट कोनीबी असो, त्याच्यापाशी जाऊन बसे. माय बोलली, रडली, जेवण सोडलं. यानं ऐकलं नाई.

आता एक सांगतो, जे मले कवडूपाशी कधी सांगता आलं नाई. पोरगी गेली हे मले त्या दुपारीच कळलं होतं. मी डॉक्टरपाशी तोंड उघडलं नाई. काऊन? कारण "तिथूनच आ कर" हे डॉक्टर बोलला नव्हता. थो मी होतो. डॉक्टर पायरी उतराच्या बेतात होता, बापा... मीच थांबवलं. मले वाटलं, त्याच्या आंघोळीले मलेच पुन्हा पाणी तापवा लागन. हो, इतक्याचसाठी. पन्नास वर्षं झाली, बंब पेटवला का थे पोरगी मांगं सरकताना दिसते.

डॉक्टरनं मरताना हा चमचा मले देल्ला. कोनाड्यातून काढून आणला, पाहा. कवडूच्या घरी बॅगेतून काढला तवाच ओला होता म्हणे. लहानूच्या तोंडात घालाच्या आधी. आन पोलादावर हे खळगे... घे, बोट फिरव. दाताचे हायेत, बारके. लहानूचे दात पुरे होते, मी स्वतः मोजले.

याच्यात मधातली एक जागा रिकामी हाये.